मान आणि मजुरी

महाराष्ट्रातल्या मतदारसंघांची यादी उघडली की सुरुवात नंदुरबारपासून होते. लोकसभेच्या यादीत 1 हा क्रमांक नंदुरबारचा. विधानसभेच्या यादीत 1 अक्कलकुवा, 2 शहादा, 3 नंदुरबार आणि 4 नवापूर. हे पाचही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. पक्ष कोणताही जिंको, या जिल्ह्यातून मुंबईला आणि दिल्लीला निवडून जाणारा माणूस आदिवासीच असतो. माणिकराव गावित इथून लोकसभेवर सलग 9 वेळा गेले. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि दर 100 माणसांमागे 69 आदिवासी : भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, धानका.

आता दुसरी यादी काढू. राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात शिक्षण, आरोग्य आणि उत्पन्न या तीन कसोट्यांवर जिल्हे लावलेले आहेत. त्यात नंदुरबार तळाला आहे.

मत समान आहे, प्रतिनिधी आपलाच आहे, मग ताट रिकामे का? याचे सोपे उत्तर सगळे देतात : पुढारी वाईट निघाले. पुढारी वाईट असतीलही. पण एवढ्याने कोडे सुटत नाही. त्यासाठी याच जिल्ह्याचा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा हिशेब मांडावा लागतो. माणसाची जन्मावरून ठरवलेली पायरी आणि त्याच्या हातात पडणारी मजुरी या दोन गोष्टी एकमेकींना कशा धरून ठेवतात, हे इथल्याइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

वंश, जात आणि जन्माची पायरी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये भेदभावाची पाच कारणे सांगून ती बाद ठरवली आहेत : धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान. यातला ‘वंश’ आपण वाचताना ओलांडून जातो. तो अमेरिकेचा प्रश्न, दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न, आपला नव्हे, असे वाटते.

जोतीराव फुल्यांना तसे वाटले नव्हते. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला आपल्या शूद्रातिशूद्रांचा आणि समुद्रापलीकडच्या गुलामांचा प्रश्न एका जातकुळीचा वाटला. पुढे डॉ. आंबेडकरांनी 1948 च्या आपल्या ग्रंथात कवट्या आणि नाके मोजण्याचे त्या काळचे शास्त्र तपासून दाखवून दिले की अस्पृश्य हा काही वेगळा वंश नाही. दोघांच्या म्हणण्यात विसंगती नाही. रक्तातला भेद खोटा असला तरी त्या भेदाच्या नावाने लावलेली पायरी खरी असते. भाव, कर्ज, पोलीस आणि पंचनामा हे सगळे त्या पायरीप्रमाणे चालतात.

अमेरिकेतही हे दोन धागे एकत्रच होते. 28 ऑगस्ट 1963 च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी रोजगार होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या 4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिस शहरात झाली. तिथे ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. हॉटेलात गोऱ्यांच्या शेजारी बसायचा हक्क मिळाला, पण तिथे खायला खिशात पैसे नसतील तर तो हक्क काय कामाचा, असे ते शेवटच्या दिवसांत विचारू लागले होते. चार वर्षांनी, 1972 मध्ये, मुंबईतल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. त्याच वर्षी तापीकाठच्या शहाद्यात एक लढा पेटला होता. त्याची पाळेमुळे मात्र बरीच जुनी होती.

जागल्याचा चोर कसा झाला

खानदेशात जुन्या काळी गावाची राखण करणारा जागल्या बहुधा भिल्ल असे. गाव झोपले की हा जागा राहायचा आणि त्याबद्दल गावाकडून धान्य घ्यायचा. 1818 नंतर खानदेश इंग्रजांच्या हाती आला. सातपुड्यातले भिल्ल त्यांना सहजासहजी वश झाले नाहीत. मग 1825 मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली आणि जेम्स औटरम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. पण सरकारी दप्तरात लूटमार हा भिल्लांचा जणू स्वभावच आहे, अशी नोंद पडली ती पडलीच.

त्याच काळात तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीची मोजणी झाली आणि सारा रोखीत भरायचा ठरला. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याजवळ रोकड नाही आणि ज्याचा शब्द कचेरीत कुणी धरत नाही, त्याची जमीन अशा व्यवस्थेत फार दिवस टिकत नाही. सारा भरायला सावकाराकडून पैसे, पैशाला जमीन तारण, कागदावर अंगठा. कागदात काय लिहिले आहे हे सांगणारा तलाठी आणि सावकार एकाच ओट्यावर बसणारे. दोन-तीन पिढ्यांत सपाटीवरची बरीच जमीन भिल्लांच्या हातून गेली. काही कुटुंबे डोंगराकडे सरकली. बाकीची गावाबाहेरच्या भिल्लवस्तीत, म्हणजे भिलाटीत राहिली आणि पूर्वी स्वतःची असलेल्या शेतात सालदार म्हणून राबू लागली.

सालदाराचे साल खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपते आणि त्याच दिवशी नवे ठरते. वर्षभराचा करार, काही धान्य, काही रोख आणि सुरुवातीलाच घेतलेली उचल. उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच मालकाकडे. कागदावर हा मोकळा मजूर; पण मालक, सावकार आणि अडीनडीला धान्य देणारा हे तिघेही एकच असतील, तर त्याने भाव कुणाशी करायचा?

जन्माची पायरी कामाला येते ती इथे. शेतातून पाच कणसे गेली तर चोर कोण, हे शोधावे लागत नव्हते. भिलाटी जवळच होती. फौजदारापुढे मालकाची साक्ष आणि सालदाराची साक्ष यांचे वजन सारखे नव्हते. दुसऱ्या जातीचा गरीब मजूर भिल्लाबरोबर बसून जेवत नव्हता, मग संपाला बरोबर उभा राहणे दूरच. जन्मावरून चोर ठरलेला माणूस मजुरी वाढवून मागू शकत नाही. मागितली तर तो माजला, असे होते. अपमान हा शोषणाला चिकटलेला वेगळा दुर्गुण नव्हता. मजुरी खाली ठेवण्याचे ते सगळ्यांत स्वस्त साधन होते.

‘आप’

हे आदिवासींना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांभोवती हजारो आदिवासी जमू लागले. लोक त्यांना गुलाम महाराज असेही म्हणत. त्यांची शिकवण साधी होती : दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, आरतीला या. एकमेकांना भेटताना मात्र म्हणायचे, ‘आप की जय’.

ज्यांना गावात लहान पोरही अरे-तुरे करत होते, ती माणसे एकमेकांना ‘आप’ म्हणू लागली. पंथाचे नावच आप पडले. 1938 मध्ये गुला महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. वरून पाहणाऱ्याला ही नुसती भक्तीची चळवळ वाटेल. पण दारू सुटली की कलालाची उधारी थांबते, आणि उधारी थांबली की सावकाराच्या चोपडीतले एक पान कोरे राहते. आदराच्या एका सर्वनामातून सुरू झालेली गोष्ट अशी पैशापर्यंत पोचत होती.

शहादा, 1971-72

स्वातंत्र्यानंतर तापीकाठी विहिरींवर पंप बसले. कापूस, मिरची, ऊस, केळी अशी पैशाची पिके वाढली. शेती तेजीत आली. मजुरी तिथेच राहिली. मोठ्या बागायतदारांनी पीक संरक्षणासाठी स्वतःचे राखणदार नेमले. ज्यांचे आजे-पणजे गावाचे जागले होते, त्यांच्यापासून पीक राखायला आता बंदूकधारी माणसे फिरू लागली. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात बळी गेला. या घटनेचे पडसाद मुंबई-पुण्यापर्यंत उमटले.

शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते तेव्हा सर्वोदयाच्या माणसांबरोबर ग्राम स्वराज्य समितीचे काम करत होते. भजनात रमणारा, लोकांना आपला वाटणारा हा माणूस. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. त्यांच्या कामात गुला महाराजांच्या परंपरेचा धागा होता आणि जमिनीची मागणीही होती. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला. शहरांतून आलेले तरुण त्यांना येऊन मिळाले. मुंबईच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर त्यांत होते. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

संघटनेच्या मागण्या वाचल्या तर मान आणि मजुरी वेगळी काढता येत नाही. गहाण पडलेली जमीन परत हवी, सालदाराचे तास आणि पगार ठरलेले हवेत, रोजंदारी वाढायला हवी, दुष्काळात काम हवे. आणि मारहाण थांबायला हवी, बायांच्या अब्रूवर हात टाकणाऱ्यावर खटला व्हायला हवा. पहिल्या चार मागण्या अर्थकारणाच्या आणि पुढच्या दोन सन्मानाच्या, अशी विभागणी आपण कागदावर करू शकतो. भिलाटीतल्या बाईला ती करता येत नव्हती. तिच्यावर हात टाकणारा आणि तिची मजुरी ठरवणारा माणूस बहुधा एकच असे.

या बायांनी लढ्याला अनपेक्षित वळण दिले. 1973 मध्ये त्यांची शिबिरे झाली आणि त्यानंतर बायांचे जथे गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागले. बाहेरच्या मालकापुढे ताठ उभे राहायचे आणि घरी दारूड्या नवऱ्याचा मार खायचा, हे त्यांना पटेना. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी शहाद्याच्या लढ्यावर लिहिलेला अभ्यास 1976 मध्ये प्रसिद्ध झाला आणि नंदुरबारच्या भिलाट्या जगाच्या स्त्री-चळवळीच्या चर्चेत आल्या.

कायद्याने घेतलेली बाजू

अंबरसिंग 1974 मध्ये अकाली गेले. त्याच सुमारास राज्यात दोन कायदे झाले. 1974 च्या दुरुस्तीने महसूल संहितेत कलम 36-अ आले : जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. दुसऱ्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची सोय केली. त्याच्या पाठोपाठ रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत झाला. हे कायदे एकट्या शहाद्याने आणले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. ठाण्यापासून चंद्रपूरपर्यंत हा प्रश्न धुमसत होता आणि 1972 च्या दुष्काळाने सरकारला हलवले होते. पण शहाद्याशिवाय ते आले असते का, ही शंका रास्त आहे.

जमीन परतीच्या कायद्याला आव्हान मिळाले. आम्ही पैसे मोजून जमीन घेतली, मग विकणारा आदिवासी होता एवढ्यावरून ती परत का द्यायची, हा समानतेचा भंग नाही का, असा युक्तिवाद होता. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. ‘लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो फेटाळला आणि कायदा वैध ठरवला. सौदा करणारे दोघे मुळातच असमान असतील तर त्या सौद्याला समान वागणूक देणे म्हणजे अन्याय पक्का करणे, हा त्या निकालाचा गाभा आहे. जन्माच्या पायरीमुळे झालेले आर्थिक नुकसान भरून काढायचे तर नुसती बंदी पुरत नाही, गेलेली वस्तू परत करावी लागते, हे तत्त्व त्यातून देशाच्या कायद्यात आले.

धुळ्यातून आलेला सवाल

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. तोवर हा सगळा धुळे जिल्हाच होता. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील (1925-2014) याच भागात आदिवासी आणि शेतमजुरांत काम करत होते. वर्ग संपला की जात आपोआप संपेल, हे आपल्या पक्षाचे म्हणणे त्यांना पटेनासे झाले. 1978 मध्ये ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. नावातच फुले आणि मार्क्स एकत्र. जात, वर्ग आणि स्त्रीदास्य या तिन्हींच्या अंताची लढाई एकाच वेळी लढली पाहिजे, एकीला पुढे आणि दुसरीला मागे ठेवता येणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ आजही वाचायला कठीण वाटते. पण त्यामागचा अनुभव कठीण नाही. ज्याला आखाजीला भिल्ल सालदाराचे साल ठरताना पाहायला मिळाले, त्याला जात ही मजुरीच्या वर बांधलेली नुसती माडी वाटणे शक्य नव्हते.

दुसरा सवाल चळवळीच्या आतून आला. भिल्ल कवी वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेत वाढले. त्यांच्या ‘गोधड’ या संग्रहातल्या ‘स्टेज’ या गाजलेल्या कवितेचा विषय आहे व्यासपीठ : आदिवासींविषयी बोलायला वर कोण चढते आणि ऐकायला खाली कोण बसते. मजुरीसाठी प्रामाणिकपणे लढणारे बाहेरचे मित्रही नकळत जुनीच पायरी सांभाळू शकतात, हे त्यांनी कुणाला न दुखवता, पण नेमके दाखवले. म्हणजे पैशाचा लढा मानाला विसरला तर तोही अपुराच.

ओळख मिळाली, उतारा?

आता सुरुवातीचे कोडे. 1970 नंतरच्या पन्नास वर्षांत मानाच्या बाजूला बरेच काही जमा झाले. आदिवासी मंत्री झाले, जिल्हा झाला, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आला. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी टेंभलीला आले होते. ओळखीच्या यादीतही हा जिल्हा पहिला.

पण सत्तेचे सगळे दरवाजे एकाच किल्लीने उघडत नाहीत. आमदारकीची राखीव जागा जातीच्या दाखल्यावर मिळते. सहकारी साखर कारखान्याचे सभासदत्व मात्र ऊस लावणाऱ्याला मिळते, म्हणजे जमीन आणि पाणी असणाऱ्याला. सोसायटीचे पीककर्ज सातबारा उताऱ्यावर मिळते. बाजार समितीत वजन असते ते माल आणणाऱ्याचे. गावातली रोजची सत्ता या संस्थांत असते, आणि त्यांत शिरायला जातीचा दाखला उपयोगी पडत नाही. ज्या भूमिहीनाच्या मतावर आमदार निवडून येतो, तो स्वतः या संस्थांच्या फाटकाबाहेरच असतो. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिलेला इशारा हाच होता : राजकारणात एक माणूस, एक मत, आणि समाजात-अर्थकारणात विषमता, ही विसंगती फार काळ चालू देता येणार नाही.

कागदाची ही कहाणी डोंगरातही तीच. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. नर्मदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे कितीतरी लोक सरकारी दप्तरात ‘अतिक्रमणदार’ होते, कारण जमीन वनखात्याच्या नावावर होती. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायची, पण आधी तुमची जमीन होती हे दाखवा! पूर्वी साऱ्याच्या कागदाने जमीन गेली. आता कागद नाही म्हणून मोबदला अडला.

2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली 4 हेक्टरपर्यंतची जमीन आदिवासीच्या नावे होऊ शकते. ती विकता येत नाही, वारसाला मिळते, आणि लग्न झालेले असेल तर नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी लागते. दारूची मडकी फोडणाऱ्या बायांना 1973 मध्ये हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. या हक्काच्या पट्ट्यांसाठी आदिवासी शेतकरी अलीकडच्या वर्षांतही पायी मुंबईपर्यंत गेले आहेत.

ज्यांच्याकडे पट्टाही नाही आणि बागायतही नाही, ते दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या खानदेशी मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकातच लिहिले होते. मुकादम गावात येऊन उचल देतो आणि हंगामभर ती अंगावरून फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मजुरीच्या हिशेबात त्या दोघांची नावे नसतात, एक अवजार असते.

राखीव जागा नकोत, असा याचा अर्थ नव्हे. त्या नसत्या तर कलम 36-अ आणि पेसा यांची आठवण विधिमंडळात कुणी करून दिली असती? अर्थ एवढाच की त्या अर्ध्या वाटेवर उभ्या आहेत. गुला महाराजांनी ‘आप’ म्हणायला शिकवले, अंबरसिंगांनी त्याला जमीन जोडली, बायांनी घर जोडले, शरद पाटलांनी हे एकत्र का हवे ते सांगितले. ज्या ज्या वेळी नंदुरबारात काही हलले, त्या वेळी मान आणि मजुरी एकाच मागणीपत्रावर होती.

म्हणून या जिल्ह्यात, किंवा आपल्या कोणत्याही जिल्ह्यात, एखादा पक्ष आदिवासींच्या अस्मितेबद्दल बोलू लागला तर वाचकाने त्याला दोन साध्या गोष्टी विचाराव्यात : या तालुक्यात बाईला रोज किती पडतो, आणि वनहक्काचे किती दावे कचेरीत पडून आहेत. जो फक्त विकासाबद्दल बोलतो, त्याला तिसरी विचारावी : भिलाटी अजून गावाबाहेर का आहे?